वेळापत्रक कोणाचे? : वाणिज्यशिक्षण आणि प्राचार्य आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनकार्यावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. महाडच्या सत्याग्रहाचे नेते, घटनेचे शिल्पकार, धम्मचक्राचे प्रवर्तक या नात्यांनी त्यांचा विचार झाला आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु ते प्राध्यापक होते, प्राचार्य होते, महाविद्यालये काढणाऱ्या संस्थेचे संस्थापक होते, याकडे आपण चरित्रातील एक तपशील म्हणून पाहतो आणि पुढे जातो. त्यांच्या अध्यापनाची मोठी सुरुवात एका वाणिज्य महाविद्यालयात झाली आणि १९५३ साली त्यांच्या संस्थेने स्वतःचे वाणिज्य महाविद्यालय काढले. या दोन घटनांमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे. या पस्तीस वर्षांत त्यांनी महाविद्यालय या संस्थेत नेमके काय बदलले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

मला तो विचारावा लागला याचे कारण माझा व्यवसाय. मी पालघर जिल्ह्यात वाणिज्य शाखेचा शिक्षक आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करून शिकणारी मुले-मुली माझ्या वर्गाच्या पटावर असतात. पटावर असतात म्हणतो, कारण पुष्कळदा ती वर्गात असू शकत नाहीत. त्यांना वर्गात आणण्याचा मार्ग शोधताना मी बाबासाहेबांच्या शैक्षणिक कारकिर्दीकडे वळलो. तिथे जे सापडले ते कार्यकर्त्यांसमोर आणि शिक्षकांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. वाणिज्यशिक्षण म्हणजे कारकून तयार करण्याचे शिक्षण, असे आपल्यातील अनेक सुशिक्षितांना वाटते. साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांना जो मान आहे तो जमाखर्चाला नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि दलितांच्या बाबतीत ती घातकही आहे. गावगाडा आठवा. गोळा झालेला सारा सरकारी खजिन्यात पोचविण्याचे काम महाराकडे असे आणि किती सारा आला हे लिहून ठेवण्याचे काम कुलकर्ण्याकडे असे. ज्याने पैसा डोक्यावरून वाहिला त्याला त्या पैशाचा आकडा वाचता येत नव्हता. रोजकीर्द आणि खतावणी ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती कोण कोणाचे देणे लागतो हे ठरविण्याची सत्ता होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्याचा गाभाही एका अर्थाने हिशेबाचाच होता: सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो. जमेची बाजू एकाची आणि खर्चाची बाजू दुसऱ्याची, हे जोतीरावांनी दाखवून दिले.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील रायगड जिल्ह्यातील गाव सोडून बोईसरला आले आणि एका ठेकेदाराकडे रसायनांचे ड्रम वाहू लागले. १९८९ साली मी आठवीत होतो. महिनाअखेरीस वडील पगाराची चिठ्ठी आणीत, आई ती देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवी आणि ती कोणी वाचत नसे. एकदा मुंबईहून मामा आले होते. त्यांनी सहज म्हणून चिठ्ठ्या खाली काढल्या, कागद-पेन्सिल घेतली आणि वडिलांना विचारले, “दाजी, महिन्यात किती दिवस जास्त थांबलात?” वडिलांनी बोटांवर मोजून सांगितले. मामांनी गुणाकार केला आणि म्हणाले, “जादा तासांना दुप्पट दर आहे. तुम्हाला एकपटच दिलाय.” १९४८ च्या कारखाना कायद्यात जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा असे स्पष्ट होते. वडिलांनी कित्येक महिने अर्ध्या मोलाने जादा काम केले होते. त्यांनी धीर करून ठेकेदाराला विचारले. ठेकेदाराने एका महिन्याचा फरक दिला आणि नंतर आठवडाभर त्यांना घरी बसविले. तरीही पुढच्या महिन्यापासून चिठ्ठी वाचल्याशिवाय आमच्या घरात ती तसबिरीमागे गेली नाही.

मामा वाणिज्य शाखेचे पदवीधर होते. ते पदवीधर कसे झाले, हे पुढे सांगणार आहे. त्याआधी बाबासाहेबांच्या कारकिर्दीकडे वळू.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याहून मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण त्यांच्यापाशी होते. बडोद्यात राहावयास एक खोली मात्र मिळू शकली नव्हती. मुंबईत उदरनिर्वाहासाठी त्यांनी शेअर आणि रोखे यांविषयी सल्ला देणारी एक पेढी सुरू केली. या धंद्याला लागणारे ज्ञान त्यांच्याइतके फार थोड्यांना होते. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. बाजारपेठेला जात नसते, पैशाला विटाळ नसतो, असे आजही आपल्याला सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या एका विद्वानाने ते स्वतःच्या अंगावर तपासून पाहिले होते.

त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ साली स्थापन झालेले हे सरकारी कॉलेज आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. पगार महिना ४५० रुपये होता. आरंभी विद्यार्थ्यांनी या प्राध्यापकाला फारसे मानले नाही. पुढे त्यांची व्याख्याने ऐकावयास इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊ लागले. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. तेथील पाण्याच्या भांड्यातून आंबेडकरांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. व्याख्यानाला गर्दी होत होती, पाण्याला बंदी होती. ज्ञान घ्यावयाचे आणि ज्ञान देणाऱ्याला दूर ठेवावयाचे, असे हे गणित होते.

या काळात ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. पगारातून पैसे साठवून अपुरे राहिलेले लंडनचे शिक्षण पूर्ण करावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा ते सरकारी कॉलेजात नोकरीत असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले.

सिडनहॅमच्या काळातील त्यांचा एक निबंध आम्हा तारापूरकरांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर त्यांनी १९१८ साली लिहिले. शेतीचे तुकडे एकत्र केल्याने प्रश्न सुटणार नाही. शेतीवर जगणाऱ्यांची संख्याच जास्त आहे, त्यांतील मोठा भाग बिनकामाचा पडून आहे आणि त्याला काम द्यावयाचे तर औद्योगिकीकरण केले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे औद्योगिकीकरण आले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६९ साली तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून वीज मिळू लागली, बोईसरच्या भातशेतीवर रसायनांचे, औषधांचे, पोलादाचे, कापडाचे कारखाने उभे राहिले. भूमिहीन दलित आले, वारली आणि काटकरी पाड्यांवरून उतरले, उत्तरेकडून मजूर आले. काम मिळाले. परंतु त्या कारखान्यातील कोणत्या खोलीत काम मिळाले, भट्टीपाशी की हिशेबाच्या टेबलापाशी, हा प्रश्न औद्योगिकीकरणाने आपोआप सुटत नाही. तो शिक्षणाने सुटतो, आणि शिक्षण ज्याला मिळते त्याच्यापुरताच सुटतो.

१९२३ साली बॅरिस्टरी घेऊन बाबासाहेब परतले आणि अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवीही त्यांना त्याच वर्षी मिळाली. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा हा विषय अर्धवेळ शिकविला. ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ लिहिणारा आणि चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देणारा विद्वान हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या तरुणांना कराराचा कायदा समजावून सांगत होता. हे काम त्यांनी कमी दर्जाचे मानल्याचे दिसत नाही.

याच सुमारास विद्यापीठाविषयीचे त्यांचे विचार आकार घेत होते. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी लेखी मत दिले. विद्यापीठाने नुसत्या परीक्षा घेत बसू नये, शिकविण्याचे कामही करावे, असा त्यांचा आग्रह होता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोचतात. शिक्षणखात्याकडे दिले-घेतले अशा व्यापारी दृष्टीने पाहू नये, असेही त्यांनी बजावले. त्याच वर्षी विद्यापीठाच्या कायद्यावर बोलताना, सर्वोच्च शिक्षण गरीब आणि गरजू यांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे एक मूलभूत कार्य आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. ‘दारापर्यंत’ ही कल्पना लक्षात ठेवावी. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या दाराशी यावे अशी प्रस्थापितांची रीत होती. बाबासाहेब अंतर मोजू लागले ते विद्यार्थ्याच्या दारापासून.

१९३५ च्या जूनमध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे ज्या महिन्यांत ते सरकारी महाविद्यालयाचे प्रशासन पाहत होते, त्याच महिन्यांत ते हिंदू समाजव्यवस्थेला निर्वाणीचा इशारा देत होते. १९३६ साली महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर एक लेख लिहिला. कायद्याच्या विद्यार्थ्याला कायद्याखेरीज आणखी कोणते ज्ञान हवे, याचा विचार त्यात आहे. प्राचार्यपद म्हणजे फाइलीवर सही करण्याचे पद, असे ते समजत नव्हते. शिकवायचे काय आणि कशासाठी, याची उत्तरे प्राचार्याने दिली पाहिजेत असे ते मानीत. १९३८ साली त्यांनी ते पद सोडले.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायद्यातील दुरुस्ती १९४६ सालची. ते विधेयक त्यांनीच मांडले होते. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत. नोकरी करणाऱ्या तरुणाने सकाळी शिकावे आणि मग कामावर जावे, अशी ती योजना होती.

हे दोन निर्णय एकाच वर्षाचे आहेत, आणि मला ते एकाच विचाराचे वाटतात. कामगाराच्या दिवसातील काही तास कायद्याने मोकळे करावयाचे आणि त्या मोकळ्या तासांत महाविद्यालयाचे दार उघडे ठेवावयाचे. कामगाराच्या दिवसाचा हिशेब ज्याने मांडला, त्याने महाविद्यालयाचे वेळापत्रक त्या हिशेबावरून आखले. वेळापत्रक ही कारकुनी बाब आहे असे आपण समजतो. वस्तुतः कोण शिकेल आणि कोण शिकणार नाही, हे प्रवेशाच्या नियमांइतकेच वेळापत्रकही ठरविते. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच भरणारे महाविद्यालय कोणत्याही जातीचे नाव न घेता घोषित करते की ज्याचा बाप त्याला पोसू शकतो, त्यानेच यावे. तशी पाटी दारावर लावण्याची गरज राहत नाही.

सकाळचे महाविद्यालय म्हणजे हलक्या प्रतीचे महाविद्यालय, असेही त्यांनी होऊ दिले नाही. सिद्धार्थचे पहिले प्राचार्य म्हणून त्यांनी संस्कृतचे ख्यातनाम पंडित अ. बा. गजेंद्रगडकर यांना आणले. १९५० साली औरंगाबादला जे महाविद्यालय निघाले, पुढे मिलिंद म्हणून जे प्रसिद्ध झाले, तेथे म. भि. चिटणीस प्राचार्य होते. शिक्षक निवडताना जात पाहावयाची नाही, विद्वत्ता पाहावयाची, हा त्यांचा दंडक होता. स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी सिद्धार्थच्या ग्रंथालयाला दिला. तीच पदवी, तेच विद्यापीठ, उत्तम शिक्षक, उत्तम ग्रंथालय, आणि वेळ मात्र कष्टकऱ्याच्या सोयीची. १९५३ साली सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय निघाले ते या परंपरेत. पाण्याच्या भांड्यावरून ज्याला वाणिज्य महाविद्यालयात अडविले गेले, त्याच्या संस्थेने पस्तीस वर्षांनी वाणिज्य महाविद्यालय उघडले.

माझे मामा त्या दारातून आत गेले. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत नातेवाइकांच्या खोलीत ते राहत आणि एका कचेरीत शिपाई होते. पहाटे उठून सार्वजनिक नळावर तोंड धुवावे, फोर्टात आनंद भवनात तास करावेत, आणि साडेदहाला कचेरीत साहेबाच्या टेबलावरील धूळ पुसावी, असा त्यांचा चार वर्षे क्रम होता. “सकाळी ताळेबंद शिकायचो आणि दुपारी ज्यांचा ताळेबंद चुकायचा त्यांना चहा न्यायचो,” असे ते हसत सांगत. पुढे ते त्याच कचेरीत हिशेबनीस झाले. महाविद्यालय अकरा वाजता भरले असते तर ते शिपाईच राहिले असते, आणि माझ्या वडिलांची चिठ्ठी तसबिरीमागेच राहिली असती.

आज बोईसर-तारापूरमध्ये काय दिसते? येथील कारखाने रात्रंदिवस चालतात. पाळ्या साधारणतः सकाळी ७ ते दुपारी ३, दुपारी ३ ते रात्री ११ आणि रात्री ११ ते सकाळी ७ अशा असतात आणि दर आठवड्याला त्या बदलतात. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे तास सकाळी साडेआठ ते दुपारी दीडपर्यंत होते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात विद्यार्थी येऊच शकत नसे. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो येई, पण शेवटच्या बाकावर त्याची मान खाली पडे. वारली समाजातील एक विद्यार्थी मला म्हणाला होता, “सर, कानाला ऐकू येतं, पण हात लिहीत नाही.” वर्षअखेरीस त्याची हजेरी पुरेशी भरली नाही. त्याला परीक्षेला बसता आले नाही. त्याने पुन्हा प्रवेश घेतला नाही.

मी बैठकीत पाळीच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न मांडला. “शिकायचे असेल तर काम सोडावे, दोन दगडांवर पाय ठेवून कसे चालेल?” असे एक पदाधिकारी म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु काम सोडून शिकणे हा पर्याय आहे असे गृहीत धरणे, हाच एका वर्गाचा अनुभव सर्वांवर लादणे होय. आमची मुले दोन दगडांवर पाय ठेवतात, कारण एकेक दगड एका पायापुरताही पुरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्याजोगा आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मग हा आग्रह कशाला? मुक्त विद्यापीठाने हजारो घरांत पहिला पदवीधर निर्माण केला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु ज्याच्या घरात पुस्तक वाचणारे दुसरे कोणीच नाही, त्याला टपालाने आलेले पुस्तक पुरत नाही. त्याला शंका विचारण्यासाठी शिक्षक हवा, बरोबरीने चुकणारे सोबती हवेत, शांतपणे बसावयास ग्रंथालयाची खुर्ची हवी. घरी कुलकर्ण्याचे दफ्तर असलेल्या मुलाला हे सारे घरीच मिळते. आपल्या मुलाला ते महाविद्यालयातच मिळू शकते. म्हणूनच बाबासाहेबांनी काम करणाऱ्यांना महाविद्यालयाबाहेर ठेवून वेगळी सोय केली नाही. महाविद्यालयच त्यांच्या वेळेला उघडले.

येथे एक सावधगिरी हवी. सिद्धार्थची नक्कल करून तारापूरचा प्रश्न सुटणार नाही. मामांची कचेरी रोज ठरावीक वेळेला उघडे, म्हणून सकाळचे वर्ग त्यांना पुरले. फिरत्या पाळीच्या कामगाराला केवळ सकाळचे महाविद्यालय पुरत नाही आणि केवळ संध्याकाळचेही पुरत नाही. बाबासाहेबांचा तास उचलावयाचा नसून त्यांचा हिशेब उचलावयाचा आहे. तो हिशेब मी असा मांडतो. एकच व्याख्यान दिवसातून दोनदा व्हावे: एकदा सकाळी आठ ते साडेदहा या वेळात आणि एकदा दुपारी चार ते साडेसहा या वेळात. पहिल्या पाळीचा विद्यार्थी चारला येईल, दुसऱ्या पाळीचा सकाळी येईल, रात्रपाळीचा दुपारी झोप काढून चारला येईल. आठवडा कोणताही असो, एक दार त्याला उघडे राहील. हजेरी दोहोंपैकी कोठेही लागावी. सफाळे, उमरोळी, वाणगावकडून येणाऱ्या आणि अंधार पडल्यावर घरून परवानगी नसलेल्या मुलींनाही सकाळचा पर्याय राहील.

यात अडचणी आहेत. शिक्षकाचा भार वाढतो. आणि आपल्याकडे कित्येक शिक्षक घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे स्वतःच रोजंदारीवर आहेत. दुसऱ्या व्याख्यानाचा पूर्ण मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. विद्यार्थ्याच्या न्यायासाठी शिक्षकावर अन्याय करून चालणार नाही. दुसरे असे की जेथे बारा-बारा तास राबविले जाते, तेथे कोणतेही वेळापत्रक कामास येत नाही. तो प्रश्न महाविद्यालयाचा नाही, कामगार चळवळीचा आहे. १९४६ मध्ये हे दोन प्रश्न एका माणसाच्या मनात एकत्र होते. आज शिक्षक संघटना एकीकडे आणि कामगार संघटना दुसरीकडे, अशी आपण त्यांची फाळणी केली आहे.

व्यवस्थापनशिक्षणाच्या मोठ्या जगातही असा एक प्रयत्न झाला होता, त्याची येथे नोंद करतो. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाली. १९६५ साली रवी मथाई तिचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले आणि १९७२ साली त्यांनी ते पद आपण होऊन सोडले. संस्थेत ते साधे प्राध्यापक म्हणून राहिले. त्यानंतर त्यांनी राजस्थानातील तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातील जवाजा येथे काम सुरू केले. तेथील रैगर समाजाचे चर्मकार आणि विणकर यांच्यासमवेत, कातड्याला आणि कापडाला बाजार कसा मिळवावा, किंमत कशी ठरवावी, दलालावाचून व्यवहार कसा करावा, याचा शोध त्यांनी घेतला. कंपन्यांसाठी तयार झालेली विद्या अस्पृश्य मानलेल्या कारागिराच्या ओसरीवर बसून पुन्हा तपासणे, हे धाडस होते. १९८४ साली मथाई वारले. त्यांचा प्रयत्न मोलाचा होता. फरक एवढाच की मथाई विद्या घेऊन कारागिराकडे गेले, आणि बाबासाहेबांनी कष्टकऱ्याला विद्येच्या दालनात त्याच्या हक्काची जागा दिली. मला दोन्ही हवेसे वाटतात; पण दुसऱ्याशिवाय पहिले टिकत नाही. पाहुणा निघून गेल्यावर हिशेब लिहावयास घरचाच माणूस लागतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी २०१३ साली मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली. पवईची औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था २०२३ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई म्हणून ओळखली जाते. म्हणजे कारखाना जवळ आला, कचेरी जवळ आली, रेल्वे जवळ आली, व्यवस्थापनाचे मोठे विद्यालयही फार दूर राहिले नाही. रात्रपाळीवरून सुटलेला मुलगा मात्र आठ वाजता बोईसर स्थानकाबाहेर उभा राहतो आणि आज महाविद्यालयात जावे की घरी जाऊन झोपावे, याचा विचार करतो.

माझी दोनदा व्याख्यानाची सूचना अद्याप कोठेही मान्य झालेली नाही. तोवर आम्ही काही शिक्षक रविवारी बुद्धविहाराच्या सभागृहात दोन वेळा तोच वर्ग घेतो, सकाळी आणि दुपारी. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली पगाराची चिठ्ठी आणावयाची. मूळ वेतन कोणते, भत्ता कोणता, भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के कशावर कापले, जादा तास किती दाखवले, हे वाचून झाल्यावरच आम्ही जमा आणि नावे यांकडे वळतो. गेल्या वर्षी एका मुलीने स्वतःची चिठ्ठी वाचून झाल्यावर आपल्या आईची चिठ्ठीही पिशवीतून काढली.

हा वर्ग म्हणजे महाविद्यालय नव्हे, आणि त्यावर समाधान मानणे ही आपली चूक ठरेल. म्हणून या लेखाच्या वाचकांतील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या महाविद्यालयाचे वेळापत्रक घ्यावे आणि आपल्या परिसरातील कारखान्याचा, बाजाराचा किंवा शेतमजुरीचा दिवस त्याच्या शेजारी लिहावा. जे तास एकमेकांवर आदळतात त्यांच्याभोवती खूण करावी. त्या खुणा घेऊन प्राचार्यांकडे जावे, आणि जाताना कामगार संघटनेचा एक कार्यकर्ताही बरोबर न्यावा. प्राचार्यांनी ऐकले नाही तर पुढील वर्षी पुन्हा जावे.